व्हिस्की म्हणजे 'जीवनजल'? नाही, नुसतं पाणी

'व्हिस्की म्हणजे आयरिश भाषेत जीवनजल' हा फॉरवर्ड अर्धाच खरा आहे. जीवनजल म्हणजे 'इश्के बाहा', लॅटिन 'आक्वा व्हीते'चं शब्दशः भाषांतर. इंग्रजीत येताना त्यातलं 'बाहा', म्हणजे जीवनच, गळालं. उरलं 'इश्के': निव्वळ पाणी! आयर्लंडच्या सरकारी पाणीपुरवठा कंपनीचं नाव 'इश्के एरन' आहे, आणि ती नळाला पाणीच सोडते, काळजी नको.

व्याकरण मराठीच्या उलटं. आपण 'जीवनाचं पाणी' म्हणतो. तिथे पाणी आधी, जीवन मागून. शिवाय षष्ठीतही आजच्या आयरिशमध्ये 'बाहा'चं रूप बदलत नाही.

आणि 'इश्के'चा 'इश्क'शी काडीचाही संबंध नाही. नातं आहे ते आपल्या 'उदक'शी. दोघांचं इंडो-युरोपीय मूळ एकच.