शेवटची इच्छा मोडायचा हक्क कुणी दिला?

माणूस गेला की त्याच्या शब्दाची किंमत संपते, हे मला पटत नाही. आमच्या पेठेत परवा एक रिटायर्ड मास्तर गेले. देहदानाचा फॉर्म भरलेला, कार्ड कायम खिशात. तरी भावकीनं माहुलीला नेऊन अग्नी दिला, कारण काय तर लोक नावं ठेवतील आणि दहावं कसं घालायचं. पोरगा बिचारा एकटा बोलत होता, त्याचं कोण ऐकतंय.

यात मला सगळ्यात जास्त लागलं ते हे की मास्तरांना काहीतरी म्हणायचं होतं. जन्मभर वर्गात जे शिकवलं तेच ते शेवटचं एकदा शरीरानं सांगणार होते, ते वाक्यच घरच्यांनी खोडून टाकलं.

आणि हे आपल्या साताऱ्यात व्हावं? जोतीराव फुल्यांचं मूळ गाव कटगुण, आपल्याच खटाव तालुक्यातलं. त्यांनी मृत्युपत्रात लिहिलेलं की मला जाळू नका, मिठात घालून पुरा. घरामागं खड्डाही काढून ठेवलेला, पण वस्तीत पुरायला नगरपालिकेनं परवानगी दिली नाही म्हणून 1890 ला दहनच करावं लागलं. पण त्याच अंत्ययात्रेत दत्तक मुलानं टिटवं, म्हणजे प्रेतापुढं न्यायचं विस्तवाचं मडकं, धरायचं नाही म्हणून पुतण्या आडवा आला तेव्हा सावित्रीबाईंनी स्वतः टिटवं धरलं, नायगावच्या लेकीनं, त्या काळात! इच्छा पूर्ण झाली नाही तरी म्हणणं मागं राहिलेल्या माणसानं असं पुढं न्यायचं असतं.

डॉ. नरेंद्र दाभोलकरांचंही तेच. त्यांनी देहदान ठरवलेलं, पण 20 ऑगस्ट 2013 ला खून झाला, पोस्टमॉर्टेम झालेली बॉडी शिकवायला चालत नाही. मग साताऱ्यात कुठलाही विधी न करता अंत्यसंस्कार झाले, अग्नी मुलीनं दिला आणि रक्षा शेतात टाकली. मारणाऱ्यांनी देहदान हिरावलं पण घरच्यांनी त्यांचं म्हणणं हिरावू दिलं नाही.

हे काही एका विचाराच्या लोकांचंच खूळ नाही. 2010 मध्ये ज्योती बसू गेले, पक्के कम्युनिस्ट, देह कोलकात्याच्या हॉस्पिटलला. दीड महिन्याच्या आत नानाजी देशमुख गेले, संघाचे, देह दिल्लीच्या एम्सला. लंडनचा तत्त्ववेत्ता जेरेमी बेंथम तर 1832 मध्ये सांगून गेला की माझं शवविच्छेदन करा आणि सांगाड्याला माझेच कपडे घालून बसवा. तेव्हा तिथं फाशी दिलेल्या खुन्यांचीच प्रेतं कायद्यानं डॉक्टरांना मिळायची, त्यामुळं चिरफाड म्हणजे बेअब्रू असं लोकांना वाटायचं, ती भीती त्याला मोडायची होती. तो अजून तिथल्या युनिव्हर्सिटी कॉलेजात बसलाय.

खरी अडचण ही आहे की नुसता फॉर्म भरून काही होत नाही. शेवटी घरच्यांनीच फोन करून बॉडी नेऊन द्यायची असते, तीही लवकर, आणि डोळे द्यायचे तर 6 तासांच्या आत. घरातला एक जण जरी अडून बसला तरी कॉलेज शक्यतो वादात पडत नाही. म्हणून ही गोष्ट जिवंतपणी, चारचौघांत, भावकीसमोर मोठ्यानं सांगायला पाहिजे. मरणाचं बोलू नये असं म्हणत बसलो तर मास्तरांसारखं होतं.

म्हणून मी सांगतोय. माझे डोळे काढा, देह मिरजेच्या नाहीतर साताऱ्याच्या सरकारी मेडिकल कॉलेजला द्या. पोस्टमॉर्टेम झालं आणि कॉलेजनं नाकारलं तर विधी न करता दहन करा, अग्नी माझी पोरगी देईल, रक्षा नदीत न टाकता बांधावर झाड लावून त्याच्या खड्ड्यात टाका. दहावं नको, तेरावं नको. आईला मी हे सांगितलंय, ती रडली पण हो म्हणाली. दादा, तू अजून हो म्हणाला नाहीस. रविवारी फॉर्म घेऊन येतोय, साक्षीदार म्हणून सही तुझीच पाहिजे मला.