कान उघडे ठेवून पाहिलेले सिनेमे

सिनेमाबद्दल बोलताना आपण कथा, अभिनय, छायाचित्रण यांवर भरभरून बोलतो आणि आवाजाचा विषय मात्र गाण्यांपाशीच आटोपतो. माझे मत जरा हट्टी आहे. दिग्दर्शकाचा स्वतःच्या प्रसंगावर कितपत भरवसा आहे, हे त्याने पार्श्वसंगीत कुठे टाळले आहे यावरून फार लवकर कळते. अलीकडे पुन्हा पाहिलेले काही चित्रपट आणि मालिकांचे काही भाग मी मुद्दाम याच दृष्टीने, खरे तर याच कानाने, तपासले. (‘सैराट’ अजून पाहिला नसेल, तर पुढचा परिच्छेद वगळावा, शेवट सांगून टाकला आहे.)

‘सैराट’ (२०१६) म्हटले की सगळ्यांना ‘झिंगाट’ आठवते. अजय-अतुल यांनी हॉलिवूडमध्ये जाऊन तिथल्या सिंफनी वाद्यवृंदासह या चित्रपटाचे संगीत ध्वनिमुद्रित केले, आणि त्या भव्यतेचा पुरेपूर उपयोग पूर्वार्धात होतो. विहिरीत उडी मारणारा परश्या आणि बुलेटवरून येणारी आर्ची यांच्या मागे अख्खा वाद्यवृंद उभा असतो. चारही गाणी तिथेच संपतात. हैदराबादच्या वस्तीतला संसार सुरू झाला की गाणे नावाची चैन या दोघांना परवडेनाशी होते. शेवटी आर्चीच्या माहेरची माणसे येऊन चहा पितात, दोघांचा खून करून जातात आणि नंतर शेजारणीकडून परतलेले त्यांचे मूल दारात उभे राहते, तेव्हा आवाजच काढून घेतला जातो. मूल रडते आहे हे दिसते, ऐकू येत नाही. नागराज मंजुळे यांनी तिथे एखादे करुण व्हायोलिन लावले असते, तर आपण डोळे पुसून मोकळे झालो असतो. त्यांनी तशी सोय ठेवली नाही. पूर्वार्धातल्या त्या भव्य संगीताचे खरे प्रयोजन मला या मुक्या शेवटामुळे कळले.

त्यांच्याच ‘फँड्री’त (२०१३) आवाजाचा वापर याहून तिखट आहे. शाळकरी जब्याचे कुटुंब शाळेजवळ डुकराच्या मागे धावत असते, डुक्कर आता सापडणार असे वाटते आणि नेमके तेव्हा शाळेत राष्ट्रगीत सुरू होते. जब्या जागच्या जागी ताठ उभा राहतो, त्याच्याबरोबर घरचेही थांबतात. डुकराला अर्थातच राष्ट्रगीताचे सोयरसुतक नसते. प्रेक्षागृहात या प्रसंगाला हशा येतो आणि तो हशा घशातच अडकतो. इथे दिग्दर्शकाला वेगळ्या पार्श्वसंगीताची गरजच पडली नाही, कारण साऱ्या देशाला पाठ असलेले गीत त्याने प्रसंगाच्या आतच ठेवले. डुकरावरून ‘तमस’ (१९८८) आठवते. गोविंद निहलानी यांच्या या दूरदर्शन मालिकेच्या पहिल्याच भागात ओम पुरींचा नत्थू रात्रीच्या अंधारात एका खोपटात डुक्कर मारण्याची धडपड करत असतो. तो प्रसंग नको इतका लांबवला आहे, आणि तो तसाच हवा होता. वनराज भाटिया यांच्या शीर्षकसंगीतातली आर्त हाक मोठी आहेच. पण फाळणीच्या हिंसेची चाहूल मला त्या खोपटातल्या गुरगुरण्यात आणि धापांत अधिक लागते.

मग पार्श्वसंगीत वाईटच का? तसे मुळीच नाही. हिचकॉकला ‘सायको’मधला (१९६०) न्हाणीघरातला खून संगीताविना हवा होता. संगीतकार बर्नार्ड हरमन यांनी तरीही तिथे तंतुवाद्यांच्या त्या किंकाळ्या रचल्या आणि त्या ऐकल्यावर हिचकॉकने आपले म्हणणे मागे घेतले. लगेच पुढच्या ‘द बर्ड्स’मध्ये (१९६३) याच जोडीने उलट वाट धरली. रूढ अर्थाने संगीतच नाही. पक्ष्यांचे कर्कश आवाज विजेच्या वाद्यावर तयार केलेले आहेत आणि हरमन ध्वनिसल्लागार आहेत. शाळेबाहेरच्या बाकावर नायिका सिगारेट ओढत बसली आहे, आत मुले संपता न संपणारे एक गाणे म्हणत आहेत आणि तिच्या पाठीमागच्या लोखंडी खेळण्यावर एकेक कावळा येऊन बसतो आहे. मुलांना कशाचाच पत्ता नाही, म्हणून त्या गाण्याची भीती वाटते.

मराठी दैनंदिन मालिकांवर या बाबतीत टीका करणे फार सोपे आहे. एकच चेहरा तीन कोनांतून, तीन वेळा ‘ढॅण’, आणि मग जाहिराती. मात्र आमच्या घरी आई मालिका कशी पाहते, हे पाहिल्यावर माझी टीका बरीच मवाळ झाली. तिची पाठ टीव्हीकडे असते, हात कणकेत असतात आणि खलनायिकेची ठरलेली धून वाजली की मागे न वळता ती म्हणते, “आली वाटतं सटवी.” ही मालिका दिसते टीव्हीवर, पण तिचे घराणे आकाशवाणीच्या श्रुतिकेचे आहे. फरक असा की ‘पुन्हा प्रपंच’सारख्या श्रुतिकेत माणसे आवाजावरून ओळखू येत, कारण संवाद तसे लिहिलेले असत, आता ते काम सिंथेसायझरवर सोपवले आहे. तक्रार करायचीच तर ती लेखनाबद्दल करावी.

‘द लंचबॉक्स’मध्ये (२०१३) रितेश बत्रा यांनी ही श्रुतिकेची करामत अचूक साधली आहे. नायिकेच्या वरच्या मजल्यावरच्या देशपांडे काकू आपल्याला एकदाही दिसत नाहीत. भारती आचरेकर यांचा आवाज आणि खिडकीतून खाली येणारी टोपली, एवढ्यावर संपूर्ण बाई उभी राहते. अंथरुणाला खिळलेल्या नवऱ्याची नजर पंख्यावर असते म्हणून फिरता पंखा पुसणारी बाई. केवळ आवाजाच्या भूमिकेलाही अभिनयाचे पुरस्कार खुशाल द्यावेत, असे मला वाटते.

चैतन्य ताम्हाणे यांच्या ‘कोर्ट’विषयी (२०१४) माझे अनेकांशी वाद झाले आहेत, कारण तो ‘सपक’ वाटतो असे पुष्कळांचे म्हणणे आहे. गीतांजली कुलकर्णी यांची सरकारी वकील कायद्याची कलमे ज्या एकसुरी आवाजात वाचते, त्याच सहजतेने ती लोकलमध्ये ऑलिव्ह तेलाच्या गप्पा मारते. शाहिरी सोडली तर या चित्रपटात चढा सूर नाहीच, आणि ज्याचा सूर चढतो तो शाहीरच आरोपीच्या पिंजऱ्यात उभा आहे. अन्याय इतक्या कंटाळवाण्या आवाजात होऊ शकतो, हे दाखवायला चित्रपटही तितकाच निर्विकार असावा लागतो. सुट्टीसाठी न्यायालय बंद होते, दिवे मालवले जातात, आणि इथेच संपवायला हवा होता असे म्हणणाऱ्यांना मी एवढेच विचारतो की मग सहलीला गेलेल्या न्यायाधीशांनी एका लहान मुलाला मारलेली ती थप्पड तुम्ही कुठे ऐकली असती?

एक तक्रार ओटीटीबद्दल. चित्रपट संपून श्रेयनामावली सुरू झाली की ती कोपऱ्यात आकसते आणि पाच-दहा सेकंदांत दुसऱ्याच कशाची तरी झलक ढोल बडवत सुरू होते. ही सोय सेटिंगमध्ये जाऊन बंद करता येते. मी केली आहे. ‘सैराट’ पुन्हा पाहणार असाल तर आधी तेवढे करा.