नामिबियाचे ‘७०० हत्ती’ आणि आत्याचा फॉरवर्ड

“ज्या नामिबियाने आपल्याला चित्ते दिले तोच देश आता ७०० हत्तींना गोळ्या घालतोय, तिथे हत्ती संपत आलेत, दात सगळे चीनला जाणार, त्यापेक्षा हत्ती भारताला द्या, आम्ही गणपती मानून सांभाळू.” हा मेसेज रडणाऱ्या हत्तीच्या फोटोसकट अजून फिरतोय. परवा आत्याने फॅमिली ग्रुपवर टाकला, खाली हात जोडलेल्यांची रांग लागली, आणि एका भावाने “जंगली लोक” असं लिहिलं तेव्हा मात्र राहवेना. आत्या, तुला बोलत नाहीये, ज्याने हे लिहिलं त्याला बोलतेय.

आधी आकडा. तिथल्या पर्यावरण खात्याने ऑगस्ट २०२४ मधे, दुष्काळात भुकेल्यांना मांस वाटायला म्हणून, ७२३ प्राणी मारायचं जाहीर केलं, त्यात ३०० झेब्रे, १०० इलँड, १०० वाइल्डबीस्ट, ६० रानम्हशी, ५० इम्पाला, ३० पाणघोडे आणि हत्ती ८३. झेब्र्याचा फोटो लावला असता तर कोणी हात जोडले नसते, म्हणून ७०० च्या ७०० हत्ती करून टाकले.

आता ‘हत्ती संपत आलेत’. अख्ख्या आफ्रिकेचा हिशेब धरला तर सॅव्हानातला हत्ती २०२१ पासून आययूसीएन या जागतिक निसर्गसंवर्धन संघटनेच्या धोक्यातल्या यादीत आहे, हे खरंय. पण दक्षिणेत चित्र वेगळंय. २०२२ साली अंगोला, बोत्स्वाना, नामिबिया, झांबिया आणि झिम्बाब्वे या पाच देशांनी मिळून काझा या त्यांच्या सीमांवर पसरलेल्या सामाईक संरक्षित पट्ट्यात विमानातून एकाच हंगामात मोजणी केली. एकाच हंगामात का, तर हत्ती आज बोत्स्वानात आणि महिन्याभराने नामिबियात, वेगवेगळ्या वर्षी मोजलं की तोच हत्ती दोनदा धरला जातो नाहीतर सुटतो. सगळे मिळून निघाले २,२७,९०० च्या आसपास, त्यातले १,३१,९०९ एकट्या बोत्स्वानात आणि २१,०९० नामिबियात. ८३ म्हणजे नामिबियाच्या त्या आकड्याच्या अर्धा टक्कासुद्धा नाही. याच मोजणीत मेलेल्या हत्तींचे सांगाडेही मोजले आणि त्यांचं प्रमाण काळजी करण्याइतकं जास्त निघालं. म्हणजे घाबरवायचंच होतं तर खरा मुद्दा तयार होता, पण त्यासाठी रिपोर्ट उघडावा लागतो ना.

चीन आणि दात: हस्तिदंताच्या आंतरराष्ट्रीय व्यापारावर सायटिसने, म्हणजे वन्यजीवांच्या व्यापारावरच्या आंतरराष्ट्रीय कराराने, १९८९ मधेच बंदीचा निर्णय घेतला. मधे १९९९ आणि २००८ ला सरकारी साठा विकायची परवानगी दिली, दुसऱ्या वेळी चीन गिऱ्हाईक होता, त्यानंतर नाही. पुढे.

‘भारताला द्या’ या वाक्याने माझं डोकं सगळ्यात जास्त फिरतं. दिलेला ना एक! शंकर त्याचं नाव. १९९८ साली झिम्बाब्वेकडून भेट म्हणून दिल्लीच्या प्राणिसंग्रहालयात आला, सोबतचा दुसरा हत्ती काही वर्षांतच गेला, आणि मग हा वीसेक वर्षं दुसऱ्या आफ्रिकी हत्तीचं तोंड न बघता राहिला. साखळीने बांधून ठेवल्यावरून ओरड झाली, २०२४ मधे जागतिक प्राणिसंग्रहालय संघटनेने दिल्लीचं सदस्यत्व निलंबित केलं, आणि सप्टेंबर २०२५ मधे शंकर मेला, जेमतेम २९ वर्षांचा. एक सांभाळता आला नाही आणि ८३ मागताय? आणि सोडणार कुठे, आपल्याच हत्तींना ये-जा करायला धड कॉरिडॉर उरले नाहीयेत. चित्ते आणले म्हणता, ते पहिल्या खेपेला आठ होते, आठ! हत्तींचा कळप म्हणजे आजी, आया, मावश्या, पिल्लं असं अख्खं कुटुंब असतं, त्यातले चार उचलून विमानात घातले की झालं असं नसतं.

राहिले ‘जंगली लोक’. २०२४ मधे तिथे दुष्काळ इतका होता की नामिबियाने मे महिन्यातच आणीबाणी जाहीर केली, तीस लाखांच्या देशात चौदा लाखांच्या आसपास लोकांच्या खाण्याचे वांधे. माणसं आणि हत्ती त्याच उरल्यासुरल्या पाण्यावर. याच लोकांनी १९९६ च्या कायद्यानंतर गावोगावी कॉन्झर्व्हन्सी, म्हणजे गावकऱ्यांनीच सांभाळायची वन्यजीव क्षेत्रं, काढल्या, आज देशाची पाचवा हिस्सा जमीन त्यात आहे, हत्ती त्यांच्या शेताशेजारून फिरतात. आपल्याकडे दोडामार्गात बोटांवर मोजण्याइतके हत्ती आलेत तर नारळ-सुपारीवाल्यांनी काय काय सोसलं ते विचारा, मग जंगली कोण ते ठरवू.

एक मात्र मान्य करते, नाइलाजाने. ‘भुकेल्यांसाठी मांस’ हे सरकारचं म्हणणंही जरा फुगवलेलं होतं. पहिल्या १५७ प्राण्यांचं मिळून ५६,८७५ किलो मांस झालं, चौदा लाखांत वाटलं तर माणशी चाळीस ग्रॅम. नोव्हेंबरात तिथे निवडणूक होती, त्यामुळे टीकाकारांनी वेळेवर बोट ठेवलंच, आणि तो प्रश्न चुकीचा नव्हता.