एम्शरच्या काठावरून नाग नदीबद्दल

दिवाळीला मामांना फोन केला आणि विषय नागपूरजवळच्या कोराडीवर गेला. तिथल्या कोळशाच्या वीज केंद्रात 660 मेगावॅटचे आणखी दोन संच उभारायचा प्रस्ताव आला, मे 2023 मध्ये जनसुनावणी झाली, तेव्हापासून घराघरांत हाच वाद. मामांनी उभी नोकरी वीज केंद्रात काढली. ते म्हणाले, “जर्मनीनं शंभर वर्षं कोळसा जाळला, पैसा केला, मंग नद्या साफ केल्या. आमची पाळी आली त तुमी लोकं शिकवून राहिले.”

यातलं अर्धं मला मान्य आहे. आजही जर्मनीतला माणूस सरासरी भारतीयाच्या तिप्पट कार्बन डायऑक्साइड हवेत सोडतो. आणि लोडशेडिंगच्या काळात मेणबत्तीपुढे बसून मी परीक्षा दिल्या आहेत. विजेची किंमत मला ठाऊक आहे.

‘मग नद्या साफ केल्या’ हे मात्र इतकं सोपं नव्हतं. मी जर्मनीत डॉर्टमुंडला राहतो. इथून एम्शर नदी वाहते. खाणींमुळे जमीन खचायची, जमिनीखालची गटारं टिकत नसत, म्हणून रूर या कोळसा-पोलादाच्या पट्ट्याचं सांडपाणी शंभरेक वर्षं या नदीतूनच उघड्यावर सोडलं. सफाई 1992 मध्ये सुरू झाली आणि 2021 संपताना नदीत सांडपाणी जायचं थांबलं. खर्च साडेपाच अब्ज युरोंच्या आसपास. एवढा पैसा आणि तीस वर्षांची सवड आपल्याला कोण देणार? आपली नाग नदी लाव्याजवळ उगम पावते, शहराची घाण घेऊन कन्हानला मिळते, आणि तेच पाणी पुढे वैनगंगेतून गोसीखुर्द धरणात पोचतं. तिच्या सफाईसाठी सुमारे 1,927 कोटींची योजना आहे, तीही जपानच्या कर्जावर.

दुसरी गोष्ट मामांना सांगताना मला जड गेलं. एम्शरच्या काठी फीनिक्स तलाव आहे. रविवारी लोक तिथे शिडाच्या होड्या घेऊन येतात. 2001 पर्यंत त्या जागी पोलादाचा कारखाना होता. बंद पडल्यावर एका चिनी कंपनीने तो विकत घेतला, सुटा केला आणि जहाजांवर चढवून चीनला नेला. पोलाद लागतंच, ते आता तिकडे बनतं. इथली हवा स्वच्छ झाली त्याचं श्रेय फक्त इथल्या लोकांच्या शहाणपणाला देता येत नाही.

नागपूरने आपला धूर कुठे धाडायचा? आपल्याकडे उलटंच आहे. विदर्भातल्या विजेचा मोठा वाटा मुंबई-पुण्याकडे जातो आणि राख आपल्याकडे उरते. जुलै 2022 मध्ये कोराडी केंद्राचा खसाळ्यातला राखेचा बंधारा फुटला, तेव्हा राखेचा चिखल शेतांत शिरला. ती शेतं कोण साफ करणार, हे कुठल्याच वीजबिलात लिहिलेलं नसतं.

म्हणून मी मामांना म्हटलं, आधी जुने संच नियमात आणा, मग नव्यांचं बोला. कोळशाच्या धुरातल्या सल्फर डायऑक्साइडचे नियम डिसेंबर 2015 मध्ये आले. मुदत दोन वर्षांची होती, ती वाढतच गेली, आणि जुलै 2025 मध्ये देशातल्या बहुतेक केंद्रांना तो वायू रोखणारी यंत्रणा बसवण्यातून सूटच मिळाली. दहा लाखांवर वस्तीच्या शहरांपासून दहा किलोमीटरच्या आतल्या केंद्रांना मात्र सूट नाही.

मामा जरा वेळ गप्प राहिले. मग म्हणाले, “थे मशीन लागाले पायजे, हे मी बी म्हणतो. संच बंद ठेवा, असं नको म्हणू फक्त.”

तसं मी म्हटलेलंही नव्हतं.