पोर्तुगीज तेलुगूची बहीण? मग मराठीने काय घोडं मारलंय?

व्हॉट्सॲपवर अधूनमधून एक मजकूर फिरत येतो. तेलुगू आणि पोर्तुगीज या सख्ख्या बहिणी, असा त्याचा दावा. पुरावे तीन. एक, दोन्हींत ढीगभर शब्द सारखे. दोन, दोन्हींतले शब्द स्वरांनी संपतात, म्हणून तर तेलुगूला ‘पूर्वेची इटालियन’ म्हणतात. तीन, पोर्तुगीज आंध्र किनाऱ्यावर आले तेव्हा त्यांना ही भाषा आपलीच वाटली. शेवटी ‘अभिमान असेल तर पुढे पाठवा’ हे आलंच.

आधी शब्दांचं बघू. यादीतले बरेचसे शब्द खरे आहेत. टॉवेलला तेलुगूत तुव्वालु, पोर्तुगीजमध्ये तोआल्या. बटनाला बोत्तामु आणि बोतांव. लिलावाला वेलं आणि लैलांव. इस्त्री आणि मेस्त्रीही त्याच गलबतातून उतरले. पण हे शब्द आहेत कसले? बटन, टॉवेल, लिलाव, कारागीर. सगळा माल बाजारातला, एकही घरातला नाही. वस्तू आली, तिच्याबरोबर नाव आलं. या न्यायाने मराठीलाही पोर्तुगीजची लेकच म्हणावं लागेल, कारण पगार, बटाटा, पाव, चावी, घमेलं, तुरुंग, काडतूस हे सगळं आपण तिथूनच उचललंय. सोलापुरात पिढ्यान्‌पिढ्या टॉवेल विणणारे पद्मशाली विणकर घरी तेलुगू बोलतात. मागावरच्या मालाला ते तुव्वालु म्हणतात तेव्हा शब्द पोर्तुगीज असतो, पण आई, हात, पाणी, भूक यांचे त्यांचे शब्द अस्सल तेलुगूच असतात.

नातं तपासायचं तर ज्या गोष्टी कुणी सहसा उसन्या घेत नाही तिथे बघावं लागतं. आकडे घ्या. पोर्तुगीज दोन ते दहा: दोइश, त्रेश, क्वात्रु, सिंकु, सैश, सेत, ओइतु, नोव, देश. तेलुगू: रेंडु, मूडु, नालुगु, ऐदु, आरु, एडु, एनिमिदि, तोम्मिदि, पदि. आता मराठी म्हणून बघा: दोन, तीन, चार, पाच, सहा, सात, आठ, नऊ, दहा. कोण कुणाच्या पंगतीला बसतंय ते सांगायला भाषाशास्त्रज्ञ लागत नाही. दात म्हणजे पोर्तुगीजमध्ये देंत, तेलुगूत पन्नु. नाव म्हणजे नोम, तेलुगूत पेरु. नवा म्हणजे नोवु, तेलुगूत कोत्त. म्हणजे फॉरवर्ड लिहिणाऱ्याने पत्ताच चुकवला. पोर्तुगीजची लांबची नातलग शोधायची तर ती मराठी-कोकणीच्या घरात सापडते, कारण तिन्ही इंडो-युरोपीय, म्हणजे युरोप आणि उत्तर भारतातल्या बहुतेक भाषांच्या कुळातल्या.

हे काही नवं नाही. क्रिस्तपुराण लिहिणाऱ्या फादर थॉमस स्टीफन्सने 1583 मध्ये गोव्याहून भावाला पत्र लिहिलं, त्यात इथल्या भाषांची घडण ग्रीक-लॅटिनसारखी असल्याचं म्हटलंय. त्याच दशकात भारतात राहिलेल्या फिलिप्पो सास्सेत्ती या फ्लोरेन्सच्या व्यापाऱ्याने संस्कृत आणि इटालियनमधले सहा, सात, आठ, नऊ सारखे असल्याचं टिपून ठेवलं. तेलुगू वेगळ्या, म्हणजे द्राविडी कुळातली आहे हे मद्रासचा इंग्रज अधिकारी फ्रान्सिस एलिस याने 1816 मध्ये, कॅम्पबेलच्या तेलुगू व्याकरणाला जोडलेल्या टिपणात मांडलं. त्याला दोनशे वर्षं होऊन गेली, तरी फॉरवर्ड चालूच.

आता स्वरांनी संपणारे शब्द. ‘पूर्वेची इटालियन’ हे बिरुद पंधराव्या शतकातला व्हेनिसचा प्रवासी निकोलो कोंती याच्या नावावर खपवलं जातं. त्याने म्हटलं असो वा नसो, ती कानाला आलेली गोडी झाली, कुळाचा दाखला नव्हे. शिवाय पोर्तुगीज इटालियनइतकी स्वरांवर थांबतच नाही. क्रियापदांची मूळ रूपं फलार, कुमेर, पर्तिर, सगळी ‘र’वर संपतात. अनेकवचनाला ‘स’ लागतो आणि लिस्बनचा माणूस तो ‘श’सारखा उच्चारतो. शेवटचा स्वर तर तो बऱ्याचदा गिळूनच टाकतो. तेलुगूची तऱ्हा बरोब्बर उलटी. बसला बस्सु, कारला कारु! बाहेरून आलेल्या व्यंजनान्त शब्दाला स्वराची शेपटी लावल्याशिवाय तिला चैन पडत नाही.

इतिहासाचा मुद्दा चटकन उरकतो. मछलीपट्टणच्या कापडासाठी पोर्तुगीज आंध्र किनाऱ्यावर गेले, पण गोव्यासारखी शतकानुशतकांची सत्ता तिथे नव्हती. त्यांची भाषा मात्र बंदरांत इतकी चालायची की डच आणि इंग्रजांनाही ती मोडकीतोडकी बोलावी लागे. शब्द पसरायला तेवढं पुरतं. आणि भाषा ‘आपलीच’ वाटणं? पोर्तुगीज इथल्या हिंदूंना ‘जेंतिउ’ म्हणत, म्हणजे परधर्मी. त्यावरून मद्रासच्या इंग्रजांनी तेलुगूलाच ‘जेंटू’ नाव दिलं. बहिणीला कुणी परकी म्हणून हाक मारतं का?

व्याकरणाबद्दल फॉरवर्डमध्ये अवाक्षर नाही, आणि त्याचं कारण उघड आहे. ‘नेनु मामिडिपंडु तिन्नानु’, म्हणजे मी आंबा खाल्ला, क्रियापद शेवटी. पोर्तुगीज माणूस ‘एउ कुमि उमा मांगा’ म्हणतो, खाणं आधी, आंबा मागून. (हा मांगा त्यांनी केरळ किनाऱ्यावरून नेला. पोर्तुगीजमध्ये शिरलेले फणस, खोबरं, विड्याचं पान हे शब्दही मलयाळममधले. तेलुगूप्रेमींनी यावर रुसू नये.) पोर्तुगीजमध्ये टेबलही स्त्रीलिंगी. तेलुगूत ‘आमे वच्चिंदि’ म्हणजे ती आली आणि ‘आवु वच्चिंदि’ म्हणजे गाय आली. बाई आणि गाय यांना एकवचनात क्रियापदाचं रूप एकच, पुरुषाला मात्र वेगळं ‘वच्चाडु’. ही विभागणी पोर्तुगीजमध्ये नाही, मराठीतही नाही.

एक गोष्ट मात्र तेलुगू आणि मराठीत आहे आणि पोर्तुगीजमध्ये नाही. ऐकणाऱ्याला धरून बोलायचं तर तेलुगूत मनमु, वगळून बोलायचं तर मेमु. आपण आणि आम्ही! पोर्तुगीजमध्ये दोन्हींना नोश. मराठीत हा भेद द्राविडी भाषांच्या शेजारामुळे आला असं भाषाशास्त्रज्ञ मानतात. फॉरवर्डच्या यादीत तो नाही, कारण तो जहाजाने आला नाही.