दुतोंड्या मारुती, पुराची गर्दी आणि ‘अम्यूज्ड टू डेथ’

ऑगस्ट २०१९ मध्ये नाशिकला गोदावरीला मोठा पूर आला, तेव्हा मी होळकर पुलाजवळच्या गर्दीत उभा होतो. नदीपात्रातल्या ज्या मूर्तीवरून नाशिककर पुराची उंची ओळखतात, त्या दुतोंड्या मारुतीच्या छातीच्या वर पाणी चढले होते, पलीकडे दुकानदार खालचा माल घाईघाईने वर नेत होते, आणि आमच्या बाजूला शेकडो हात मोबाइल उंचावून उभे होते. त्यांत माझाही एक हात होता. कणसे भाजणाऱ्याच्या गाडीभोवती कोंडाळे जमले होते. पाणी वीतभर चढले की गर्दीतून सामना जिंकल्यासारखा जल्लोष उठत होता. त्या जल्लोषाने मला ब्रिटिश रॉक संगीतकार रॉजर वॉटर्स यांच्या ‘अम्यूज्ड टू डेथ’ या अल्बममधले एक गाणे आठवले आणि मी मोबाइल खिशात ठेवला.

ते गाणे म्हणजे ‘परफेक्ट सेन्स’चा दुसरा भाग. त्यात एक पाणबुडी समुद्रातल्या तेलविहिरीवर हल्ला करते आणि त्या हल्ल्याचे धावते समालोचन मार्व्ह अल्बर्ट करतात. हे अमेरिकेतले खरेखुरे, नामवंत क्रीडा समालोचक आहेत आणि एरवी ते ज्या उत्साहाने बास्केटबॉलचा सामना सांगत, त्याच उत्साहाने येथे माणसांचे मरण सांगतात. मग जमाव एक भव्य समूहगान गाऊ लागतो, ज्याचा आशय इतकाच की रुपये-आणे-पैच्या हिशेबात मांडले की सगळ्याचा अर्थ नीट लागतो. पहिल्यांदा ऐकताना हसू येते, कारण चाल खरोखरच गुणगुणावी अशी आहे. चौथ्या-पाचव्या वेळी लक्षात येते की आपण त्या जमावाबरोबर गात आहोत. मला या अल्बममधल्या काळ्या विनोदाची खरी ताकद येथे दिसते: जगाच्या अंताकडे पाहून तो हसत नाही, तो अंत पाहायला आपण जी जागा धरून बसलो आहोत, त्या जागेकडे बोट दाखवतो.

हा अल्बम सप्टेंबर १९९२ मध्ये आला. नाव अमेरिकन माध्यम-अभ्यासक नील पोस्टमन यांच्या ‘अम्यूझिंग अवरसेल्व्हज टू डेथ’ या १९८५ च्या पुस्तकावरून सुचलेले, आणि पार्श्वभूमी १९९१ च्या आखाती युद्धाची, जे लोकांनी घरबसल्या थेट प्रक्षेपणात पाहिले. मूळ मुखपृष्ठावर टीव्हीपुढे बसलेले एक वानर आहे आणि पडद्यावरून एक भलामोठा डोळा रोखून पाहतो आहे. १९९२ च्याच ऑक्टोबरमध्ये आपल्याकडे झी टीव्ही सुरू झाला. पंचवटीतल्या आमच्या वाड्यात तेव्हा केबलची वायर गच्चीवरून गच्चीवर ओढली जात होती आणि संध्याकाळी ओट्यावर बसणारी माणसे एकेक करून आत जाऊ लागली होती. अल्बम मात्र मी बऱ्याच वर्षांनी, कॉलेजात असताना, मित्राने भरून दिलेल्या कॅसेटवर ऐकला. पुढे सीडी मिळाली आणि दोन स्पीकरच्या मधोमध बसून ऐकली, तेव्हा सुरुवातीचे कुत्र्याचे भुंकणे थेट खिडकीबाहेरून आले. क्यूसाउंड या ध्वनितंत्रामुळे दोनच स्पीकरमधून आवाज चहूबाजूंनी आल्यासारखा भासतो. हे तंत्र येथे केवळ चमत्कृतीसाठी वापरलेले नाही. कोणीतरी वाहिन्या बदलत असतो, युद्ध, धर्म आणि जाहिरात एकामागून एक खोलीत शिरतात आणि ऐकणारा मध्ये सापडतो.

माझ्या ओळखीतले रॉक ऐकणारे बरेच जण या अल्बमला उपदेशी म्हणतात. हा आक्षेप मला अर्धाच मान्य आहे. देवाला काय हवे ते सांगणारे गाणे तीन भागांत येते आणि तिसऱ्या भागापर्यंत मुद्दा केव्हाच पोहोचलेला असतो; ‘इट्स अ मिरॅकल’मध्ये संगीतिकांचे संगीतकार अँड्रयू लॉइड वेबर यांच्यावर काढलेला राग त्या सुंदर, संथ गाण्याला खुजे करतो. तरीही उपदेश हा शब्द मला पटत नाही. आपल्याकडे नाथांच्या भारुडात लोक पोट धरून हसतात आणि हसता हसता सोंग आपल्यावर उलटते, तेव्हा त्याला कोणी कोरडा उपदेश म्हणत नाही. या अल्बमची जात मला तीच वाटते. येथेही एकामागून एक सोंगे येतात: धर्माच्या नावाने ओरडणारा जमाव, १९८६ मध्ये लीबियातल्या त्रिपोलीवर बॉम्ब टाकून इंग्लंडमधल्या तळावर परतणारा अमेरिकन वैमानिक, बीजिंगच्या तिआनान्मेन चौकात मारल्या गेलेल्या मुलीला टीव्हीवर पाहून हळहळणारा प्रेक्षक.

या सगळ्या सोंगांच्या आधी आणि नंतर मात्र एक असा आवाज आहे, ज्याच्यात विनोदाचा लवलेशही नाही. आल्फ रॅझेल हे पहिल्या महायुद्धात लढलेले ब्रिटिश सैनिक. दोन्ही सैन्यांच्या मधल्या मोकळ्या जमिनीवर बिल हबर्ड हा त्यांचा जखमी सोबती त्यांना सापडला. त्यांनी त्याला उचलून नेण्याचा प्रयत्न केला, पण वेदना असह्य होऊन तो खाली ठेवण्याची विनवणी करू लागला आणि अखेर त्याला तेथेच सोडून यावे लागले. म्हातारपणी रॅझेल हे सांगतात आणि त्यांच्या शब्दांमागे जेफ बेक यांची गिटार वाजते. बेक २०२३ मध्ये गेले. त्या दिवशी मी फक्त हाच तुकडा पुन्हा पुन्हा ऐकला. वॉटर्स यांचे वडील १९४४ मध्ये इटलीत अँझिओ येथे मारले गेले, तेव्हा ते स्वतः जेमतेम पाच महिन्यांचे होते. एका अनोळखी म्हाताऱ्याची आठवण त्यांनी अल्बमच्या दोन्ही टोकांना का ठेवली असेल, हे मला यावरून कळते.

माझी आजी पूर पाहायला जात असे, आणि तिच्या पिढीचे सगळेच जात. पण मारुतीच्या गुडघ्याला पाणी लागले की धान्याचे डबे माळ्यावर चढवायचे, कमरेला लागले की खालच्या आळीतल्या बिऱ्हाडांना वर बोलवायचे, असे ते पाहणे होते. मूर्ती पाहून आल्यावर ती कधीही रिकाम्या हाताने बसली नाही. आज तोच मारुती मोबाइलच्या चौकटीत दिसतो आणि पाहून झाले की बोट पुढच्या चित्रफितीकडे सरकते. मी या अल्बमविषयी इतक्या कळकळीने लिहितो आहे ते यासाठी, की या दोन पाहण्यांमधला फरक इतक्या नेमकेपणाने दाखवणारी दुसरी संगीतरचना मी ऐकलेली नाही.

अल्बमच्या शेवटच्या गाण्यात परग्रहावरचे मानववंशशास्त्रज्ञ पृथ्वीवर येतात आणि त्यांना टीव्हीभोवती जमलेल्या आपल्या सावल्या सापडतात. पुष्कळ कारणे तपासून पाहिल्यावर ते नोंद करतात, की ही जात करमणूक करून घेता घेता संपली. हा त्यातला सर्वांत काळा विनोद आहे आणि बरेच जण त्यालाच शेवट समजतात. कृपया तेथे थांबू नका. त्यानंतर रॅझेल यांचा आवाज परत येतो. फ्रान्समधल्या आरास येथील बेपत्ता सैनिकांच्या स्मारकावर त्यांना बिल हबर्डचे नाव दिसले, आणि इतकी वर्षे दुःस्वप्न होऊन राहिलेला तो सोबती त्यांच्यासाठी पुन्हा माणूस झाला. त्या वेळी रॅझेल ८७ वर्षांचे होते.