येतं का काही त्याला?

आज संध्याकाळी गाण्याच्या बैठकीत मागच्या खुर्चीवरच्या काकांनी मला हे विचारलं. भाचा डोलत होता, सम, म्हणजे तालाची पहिली मात्रा, आली की मांडीवर थाप मारत होता. "गातो? वाजवतो?" म्हटलं, नाही. "मग कशाला आणता अशा मुलांना?"

डोकंच फिरलं. अजून जेवले नाही, आधी हे लिहितेय.

काका, तुम्हाला तरी काय येतं हो? अख्खा विलंबित, म्हणजे संथ लयीतला ख्याल, तुम्ही व्हॉट्सअॅपवर काढलात. तुम्हाला विचारलं का कुणी? म्हणे शाहू महाराजांनी अल्लादियाखाँसाहेबांसारख्या गवयाला मान दिला ते आमचं कोल्हापूर!

सोन्याला, म्हणजे माझ्या या भाच्याला, विल्यम्स सिंड्रोम आहे. सातव्या गुणसूत्राच्या जोडीतल्या एकातून 25 च्या आसपास जनुकांचा तुकडा जन्मापासूनच नाही. त्यातच रक्तवाहिन्यांना लवचीक ठेवणाऱ्या इलॅस्टिनचं जनुक, म्हणून महाधमनी अरुंद. हिशेब जमत नाही, शर्टाची बटणं जमत नाहीत, दूधवाल्यापासून कलेक्टरपर्यंत कुणालाही मिठी मारतो. आणि गाण्याचं वेड. या मुलांत ते पुष्कळदा दिसतं (सगळ्यांत नाही, मान्य).

भाऊजी पेटी घेऊन बसले की हा येऊन पेटीच्या लाकडाला गाल टेकवतो. भाता हलतो तसा त्याचा गाल थरथरतो. भाऊजी थांबले की त्यांचा हात धरून परत पट्ट्यांवर ठेवतो. बास. एवढंच येतं त्याला.

नातेवाईक म्हणतात, देव एक काढून घेतो आणि दुसरं देतो, टीव्हीवरच्या स्पर्धेला पाठवा. अहो, तो बेसूर आहे! चांगला खणखणीत बेसूर. गाणं आवडायला गळाही लागतो का आता?

हो, थाप जोरात पडली. शेजारच्यांना त्रास झालाही असेल. पण गाणाऱ्या बाई पुढच्या समेला त्याच्याकडे बघून हसल्या, आणि हा पठ्ठ्या असा लाजला की माझ्या पदरात तोंड खुपसून बसला. तेवढ्यात माझा निम्मा राग उतरला होता, खरं सांगते.

उरलेला निम्मा आहेच. याच कानांना मिक्सरचा आवाज सोसत नाही, पलंगाखाली जाऊन बसतो. गणपतीत डॉल्बीच्या भिंती लागल्या की दोन्ही कान दाबून रडतो. तेव्हा नाही कुणी विचारत, कशाला आणता हे?

पुढच्या महिन्यात परत बैठक आहे. आम्ही पहिल्या रांगेत बसणार. भाऊजींनाही नेणार, म्हणजे थाप मारायला दोन मांड्या जास्त. काकांनी हवं तर मागं बसावं, तिथं मोबाईलला रेंज चांगली येते.